राखलेले कान

आमच्या घरातल्या पुरुषांचे कान बघायला माणसं यायची. खोटं सांगत नाही. माझे सासरे सयाजी पैलवान, त्यांचे दोन्ही कान म्हणजे तव्यावर दुमडून करपलेली पोळी. भोकाचा पत्ता लागत नाही. लाल मातीत डोक्याला डोकं घासून, समोरच्याच्या मनगटाचे रट्टे खाऊन पाळी फुटते, आत रक्त साकळतं आणि कान कायमचा आक्रसतो. कोल्हापुरात याला कान मोडणं म्हणतात. ते दुखणं समजत नाहीत, पदवी समजतात. भिंतीवर सासऱ्यांच्या वडलांचा, ज्ञानू पैलवानांचा फोटो आहे. त्यांचेही कान तसेच. आणि दोघंही चाळिशी गाठायच्या आत ठार बहिरे.

कारण सगळ्या शिवाजी पेठेला पाठ होतं. कान मोडले, ऐकणं गेलं. कुस्तीनं नाव दिलं, त्याबदल्यात कान घेतले. यात कुणाला रडण्यासारखं काही वाटत नव्हतं, उलट छाती फुगवून सांगायचे. मला पहिल्यापासून चीड यायची. बाहेरची पाळी मोडली म्हणून आतलं ऐकणं कसं जाईल, एवढा साधा प्रश्न दोन पिढ्यांत एकाही मर्दाला पडू नये? तालमीतले बाकीचे मोडक्या कानांचे पैलवान फोनवर तासतासभर गप्पा हाणत होते, ते कुणाला दिसू नये? मी विचारलं की म्हणायचे, "तू गडहिंग्लजची, लिंगायताची, किराणा दुकानदाराची पोर. तुला मातीतलं काय कळालंय?"

उदयसिंहशी मी जातीबाहेर लग्न केलं, तेव्हा दोन्ही घरांनी वर्षभर तोंडं वाकडी केली. त्या वर्षात या घरात माझ्याशी सगळ्यांच्या आधी कोण बोललं असेल, तर ज्यांना ऐकू येत नाही ते मामंजी. ते ओठ वाचतात. पण सगळ्यांचे नाही, सवयीच्या तोंडांचेच. माझे त्यांनी चार दिवसांत वाचले. पाहुण्यांना अजून सांगतात, "सुष्मिता रागावली की तोंड उघडून बोलतीय. आनी ही बया कायम रागावल्याली असतीय. म्हनून घरात मला हिचंच ऐकू येतंय."

अशा माणसावर राग कसा धरायचा, सांगा.

आता उदयचं. उदय लहानपणी तालमीत जायचा. पाय चपळ होते, वस्तादाचा लाडका होता. अकरा वर्षांचा असताना गगनबावड्याकडच्या एका जत्रेत त्याची कुस्ती लागली. प्रतिस्पर्ध्यानं त्याचं डोकं काखेत धरून रगडलं. उदय त्यातून निसटला, वर चढला, जिंकायलाच आला होता, आणि मामंजींनी मैदानात उडी मारली. पोराला उचलून खांद्यावर टाकलं आणि सरळ चालू लागले. त्यांचं स्वतःचं ऐकणं त्याच वर्षी पुरतं गेलं होतं. खांद्यावर पोरगं हातपाय झाडत होतं, लोक हसत होते, पंच ओरडत होता. मामंजींना त्यातलं काही ऐकू आलं नाही. घरी येऊन त्यांनी लंगोट चुलीत घातला आणि सांगितलं, "हेच्या कानाला माती लागू देनार न्हाय."

उदय पुढं मोटारसायकलींचा मिस्त्री झाला. मिरजकर तिकटीकडं गॅरेज आहे त्याचं. बरा चालतो धंदा. पण तालीम आमच्या गल्लीच्या तोंडाशी असून हा माणूस इतकी वर्षं मागच्या बोळानं वळसा घालून जातो. गणपतीत वर्गणी देतो, आत पाय ठेवत नाही. हौद्यातल्या, म्हणजे आखाड्यातल्या, मातीत ताक, तेल, हळद, लिंबू घालून मळतात ना, त्या मातीचा वास रस्त्यावर आला की ह्याचं बोलणं तुटतं. मी काही विचारत नाही. काही गोष्टी बायकोनंही विचारू नयेत.

आणि मामंजी? दर पाडव्याला, दर वाढदिवसाला, आणि अधूनमधून विनाकारण, या बत्तीस वर्षांच्या मिशाळ बाप्याचे दोन्ही कान दोन-दोन बोटांत धरतात, वरपासून पाळीपर्यंत चाचपतात, आणि आल्यागेल्याला दाखवतात. "बगा. गुळगुळीत. मला कुस्तीत गदा मिळाल्या, त्या गंजल्या. ह्ये मातूर राखलं म्या."

ह्या माणसानं आयुष्यात मिळवलेली एकच गोष्ट त्याला खरी वाटत होती, ती म्हणजे हे दोन कान.

तेच जायला लागले.

मला गॅरेजात कळलं. उदय पूर्वी गिऱ्हाइक बुलेट घेऊन कोपऱ्यावर दिसलं की आवाजावरनं सांगायचा, टॅपेट ढिलं आहे की चेन. डबा द्यायला गेले तेव्हा पाहिलं, चालू इंजिनावर तळहात ठेवून, डोळे मिटून उभा. माझी हाक त्यानं ऐकली नाही. मी समजले बहाणा करतोय. मग पाठीमागं जाऊन एक पाना जमिनीवर टाकला. समोरचा कुत्रा दचकून उठला. नवरा हलला नाही.

खरं तर आधीच कळायला हवं होतं. पण आमच्या पेठेत कोण हळू बोलतं? दोन माणसं हवापाण्याचं बोलत असली तरी परगावच्याला वाटतं, आता डोकी फुटणार. सगळेच ओरडतात, त्यात एकाला ऐकू येत नाही हे कुणाच्या ध्यानात येणार?

"कवापासनं?" मी विचारलं, तोंड पुरतं उघडून.

"हाय दोन-तीन वर्षं." तो हात पुसत म्हणाला. "वरडू नकोस."

"वरडल्याबिगर तुला ऐकू येतंय का?"

हसला. मग माझं मनगट धरलं, ग्रीसच्या हातानं. "सुष्मे, आण्णाला सांगायचं न्हाय. शपथ हाय. त्यांनी माझी कुस्ती घेतली, त्याबद्दल मी त्यांला कवा बोललो न्हाय. का? तर त्यांला वाटतंय पोराचे कान राखले. ते पन न्हाय राखलं असं कळलं, तर म्हातारा खचंल गं. त्याच्याकडं दुसरं काय हाय?"

शपथ मी खाल्ली. पण गप्प बसणं माझ्या अंगात नाही. मी माझ्या धाकट्या बहिणीला, प्रेरणाला फोन लावला. ती बंगळूरला प्रयोगशाळेत असते, माशांवर काम करते. मासे विकत नाही, अभ्यास करते; गल्लीत हे दहा वेळा सांगावं लागलं. तिनं फोनवर दोनच प्रश्न विचारले. "अक्का, दाजी कधी कुस्ती खेळलेत? म्हणजे कान मोडण्याइतकी?"

"न्हाय."

"आणि आजोबा, वडील, दोघांचंही असंच हळूहळू गेलं?"

"व्हय."

ती म्हणाली, "दाजींना कानाच्या डॉक्टरकडं ने. आणि जीन तपासायला त्यांची लाळ पाठवू या."

उदयला तयार करायला मला दोन भांडणं आणि एक तांबड्या रश्श्याचं जेवण खर्ची घालावं लागलं. अहवाल आला तो प्रेरणाच घेऊन आली, रविवारी सकाळी. आणि इथं आमच्याकडून घोळ झाला.

मामंजी अंगणात पायरीवर बसले होते. खलबत्त्यात थंडाईसाठी बदाम कुटत होते. कुस्ती सुटली तरी खुराक सुटलेला नाही. आम्ही आत सोप्यात. बाहेर जावं म्हटलं तर प्रेरणा प्रवासातनं आलेली. मी हिशेब केला. मामंजी दोघांचेच ओठ वाचतात, माझे आणि उदयचे. म्हणून उदयला त्यांच्याकडं पाठ करून बसवलं. मी तोंडाला पदर लावला. प्रेरणा पाहुणी, वर्षाकाठी एकदा येणारी, कानडी हेलानं बोलणारी; तिचं त्यांना काय कळणार? तिला तोंड अंगणाकडं करून बसवलं. वर सांगितलं, "दाजीला कळंल असं सावकाश, तोंड उघडून बोल."

शहाणपण बघा माझं.

"दाजी," प्रेरणानं सुरुवात केली, "पेशीत हजारो जीन असतात. पुष्कळसे काय करतात, प्रथिन बनवायचा निरोप लिहून पाठवतात. पण काही जीन प्रथिन बनवतच नाहीत. त्यांचा निरोप एवढुसा, बावीसेक अक्षरांचा. मायक्रोआरएनए म्हणतात त्याला. तो दुसऱ्यांच्या निरोपांवर जाऊन बसतो आणि म्हणतो, बस, पुरे आता."

"वस्ताद," उदय म्हणाला. "खेळत न्हाय, कडंला बसतोय. पन सोड म्हटलं की सोडाय लागतंय."

"अगदी तसंच. एक वस्ताद शेकडो पैलवानांना आवरतो. आपल्या आतल्या कानात बारीक केसांच्या पेशी असतात, त्यांच्यामुळं ऐकू येतं. तिथं असा एक वस्ताद आहे. तुमच्यात त्याचं एक अक्षर बदललंय."

"एक? तेवढ्यानं?"

"बाकीची शाबूत आहेत. पण हे नेमकं पकड घ्यायच्या जागचं आहे. मनगट निखळल्यावर दंड कितीही मोठा असून काय उपयोग? आता तो ज्यांना थांबवायचं त्यांना थांबवत नाही, आणि भलत्यांनाच धरून बसतो. त्या पेशी मग नीट टिकत नाहीत. हळूहळू जातात." तिचा चेहरा उजळला, कामाचं बोलायला लागली की तिला समोरच्याचं दुःख दिसत नाही, लहानपणापासून तशीच आहे. "आणि गंमत म्हणजे, हाच वस्ताद माझ्या माशांत आहे, उंदरात आहे. त्याच्या भावकीतले साध्या माशीच्या अंगावरच्या केसांना सांभाळतात. कोट्यवधी वर्षांत पंख आले, शेपट्या गेल्या, सगळं उलथंपालथं झालं. जसे नवीन प्राणी होत गेले तसे नवीन वस्ताद वाढत गेले, पण जुने सहसा काढून टाकले नाहीत. ही अक्षरं तर जवळजवळ तशीच राहिली. जिथं बदलली तिथं बिघडलं, मग टिकणार कशी? आणि शास्त्रज्ञ कित्येक वर्षं असल्या भागाला कचरा म्हणत होते. काही बनवत नाही ना, म्हणून!"

मला पदराआड हसू आलं आणि चीडही आली. काही बनवत नाही, नुसतं आवरतं, म्हणून कचरा. ही अक्कल प्रयोगशाळेतही आहे तर! मला वाटलं होतं, फक्त घराघरांत आहे, दिवसभर सगळ्यांना आवरणाऱ्या बाईला 'ती काय करत न्हाय, घरीच असते' म्हणणाऱ्यांत.

"म्हंजे," उदयचा आवाज खाली गेला, "आण्णाचं पन कुस्तीनं गेलं न्हाय?"

"त्यांची तपासणी केल्याशिवाय नक्की सांगता येणार नाही. पण तिघांचं एकसारखं आहे. मला विचाराल तर, कुस्तीचा काही संबंध नाही. मोडलेले कान वेगळे, बहिरेपण वेगळं. ते कुस्ती खेळले नसते तरी बहिरे झाले असते. आणि तुम्ही खेळला असतात तरी एवढंच ऐकू आलं असतं."

मी उदयची मान बघत होते. ती मान एवढी ताठ झालेली मी आमच्या लग्नातसुद्धा पाहिली नव्हती, आणि त्या दिवशी मांडवाबाहेर दोन्हीकडचे काके बाह्या सरसावून उभे होते.

"म्हंजे उगंच," तो शेवटी म्हणाला. "सगळं उगंच."

"यंत्र लावता येईल दाजी. चांगली यंत्रं आहेत आता. आणि पुढं मूल झालं तर त्याच्यात हे यायची शक्यता निम्मी आहे, ते पण बोलायला हवं..."

"येऊ दे आलं तर," मी पदर काढून म्हणाले. "या घरात बहिऱ्याशी कसं बोलायचं ते सगळ्यांना येतंय."

आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की खलबत्त्याचा आवाज थांबलाय.

पायरीवर बदाम सांडले होते. मामंजी नव्हते. दाराशी नेहमी टेकवलेलं खोरंही नव्हतं.

"त्यांना कसं कळलं?" प्रेरणा पांढरी पडली. "ते माझे ओठ वाचत नाहीत म्हणालीस ना तू?"

मी तिच्याकडं बघितलं. खालचा ओठ जरा पुढं काढून बोलायची लकब. 'प' म्हणताना गाल फुगवायची सवय. दातांमधली ती फट. आमच्या आईचं तोंड, जसंच्या तसं दोघींना आलेलं. जन्मभर आरशात बघून मला ते दिसलं नव्हतं. म्हातारा तोंडं वाचून जगतो, त्याला दिसणारच.

आम्ही तिघं धावत निघालो. उदय गल्लीच्या तोंडाशी पोचला आणि सवयीनं मागच्या बोळाकडं वळला. मग थांबला. परत फिरला आणि सरळ तालमीच्या दारातनं आत गेला.

रविवार दुपारकडं झुकला होता, तालीम रिकामी होती. मामंजी हौद्यात उभे राहून माती उकरत होते. सदरा काढून खुंटीला लावलेला. साठीला टेकलेला माणूस, छातीवरचे केस पांढरे, दंड अजून विटेसारखे. खोरं मारायचे, ढेकूळ फोडायचे, परत मारायचे. मी आणि प्रेरणा दारातच थांबलो. बायकांनी हौद्यात पाय ठेवायचा नाही, असली एक अक्कल अजून काही तालमींत शिल्लक आहे. मुली कुस्तीत पदकं आणतात, त्यांच्या मिरवणुकीत हेच लोक फेटे बांधून नाचतात, आणि माती मात्र बाटते म्हणे.

मामंजींनी पोराला पाहिलं. खोरं रोवलं.

"लंगोट न्हाय आता," ते म्हणाले. "जाळला म्या. हाय त्या पॅन्टीवर उतर."

"आण्णा, चला घरला."

"काय?"

"घरला चला म्हनतोय!"

"मला ऐकू येत न्हाय." त्यांनी मुद्दाम तोंड फिरवलं. ओठ वाचायचे नसले की ते हेच करतात. बहिऱ्याशी भांडणात कुणी जिंकत नाही.

उदय जाग्यावर उभा राहिला. मामंजी पाठमोरे बोलत होते, भिंतीकडं बघून.

"दुसऱ्यांची पोरं हितं घडत हुती, आनी मी माज्या पोराला खांद्यावर टाकून पळवला. जितायला आल्ता गडी. मला दिसत हुतं की, जितायला आल्ता. मी म्हटलं, जाऊ दे कुस्ती, कान ऱ्हातील. आनी ती पोरगी म्हनतीय, कान तुज्या हातात न्हवतंच कवा, सयाजी. मग मी काय राखलं? तुजी कुस्ती तेवढी खाल्ली म्या."

उदयला यातलं कितीसं ऐकू आलं असेल? पाठमोऱ्या माणसाचं, तेही घोगऱ्या आवाजातलं. प्रेरणा पुढं सरली, त्याला सांगायला. मी तिचा दंड धरला. कारण उदयनं चप्पल काढली होती. शर्ट काढला. वाकून चिमूटभर माती कपाळाला लावली आणि हौद्यात उतरला. बापाला खांद्याला धरून आपल्याकडं वळवलं आणि शड्डू ठोकला. इतक्या वर्षांत मांडीवर हात मारायची सवय गेलेली. आवाज बदाकन आला, पोतं पडल्यासारखा. प्रेरणा फिस्सकन हसली.

मामंजींनी शड्डू ठोकला तेव्हा मात्र माळ्यावरची कबुतरं उडाली.

मग दोघं भिडले. कपाळाला कपाळ, मानेवर मनगट. उदयचे पाय आधी अडखळले आणि मग त्यांना काहीतरी आठवलं. तो बापाच्या काखेखालनं असा निसटला, की माझ्या तोंडून शिट्टी गेली. मामंजींनी त्याला मागनं धरलं, वाकवलं, दोघं खाली गेले, परत उठले. अंगभर लाल माती. मामंजी ओरडत होते, "पाय! पाय कच्चं हायती तुजं! खाली बस मर्दा!" आणि उदय ओरडत होता, "तुमी हळू घ्या की! वय बगा!" कुणालाच कुणाचं ऐकू येत नव्हतं.

थोड्या वेळानं मामंजींचा श्वास बिघडला. छातीचा भाता नुसता वरखाली. सोडायला मात्र तयार नाहीत. उदयलाही कळेना, त्याचं तोंड बापाच्या खांद्यात रुतलेलं.

"बस!" मी दारातनं ओरडले. "मामंजी, बस करा!"

माझ्याकडं दोघांपैकी एकाचंही तोंड नव्हतं.

मी चप्पल भिरकावली, साडी वर खोचली आणि हौद्यात उतरले. माती गार होती, घोट्यापर्यंत पाय गेला, आणि जगबुडी वगैरे काही झाली नाही. दोघांच्या पाठींवर एकेक हात ठेवला. नुसता ठेवला, दाबला पण नाही.

थांबले. दोघंही, एकदम.

मामंजी मटकन मातीत बसले, उदय त्यांच्या शेजारी. मामंजींनी माझे मातीत रुतलेले पाय बघितले, मग माझ्याकडं बघितलं. "तुला कुनी वस्ताद केलं गं?"

"तुमची तपासणी करायची हाय," मी तोंड उघडून म्हणाले. "लाळ द्यायची. आनी उद्यापासनं दोघांनी बी सकाळी येरवाळी हितं यायचं. पाय कच्चे हायत म्हनं ह्याचे."

"आनी कानात यंत्र?"

"त्याला लावायचं. तुमच्या त्या करपल्या पोळीत काय बसनार हाय?"

ते हसले. दम लागलेला माणूस हसला की खोकतो, तसे खोकले. मग त्यांची नजर उदयच्या डाव्या कानावर गेली. झटापटीत घासून कान लाल झाला होता, वरच्या कडेला मातीत मिसळलेलं जरासं रक्त होतं. म्हाताऱ्याचा चेहरा झरकन उतरला. आत्ता दहा मिनिटांपूर्वी कळलेलं सगळं विज्ञान विसरून त्यांनी पोराचा कान दोन बोटांत धरला, वरपासून पाळीपर्यंत चाचपला, धोतराच्या सोग्यानं माती टिपली.

"लागलं का रं कानाला?"

उदयनं त्यांचे ओठ बघितले. तोंड पुरतं उघडून, बापाला एकेक अक्षर दिसावं असं, तो म्हणाला, "न्हाय लागलं, आण्णा!"

आणि ते एवढ्या मोठ्यानं, की दारातल्या प्रेरणानं दोन्ही कानांवर हात ठेवले.